माडगीहून डोंग्याने, पाणमांजरं मोजायला

माझं माहेर माडगी. सासर अड्याळच्या बाजूचं नदीकाठचं एक गाव. दोन्ही गावं वैनगंगेवरच, तरी लग्न होऊन वीस वर्षं होईपर्यंत मी या दोन गावांमधली नदी पाहिली नव्हती. जाणं-येणं आधी बैलगाडीने, मग एसटीने. ऐंशीनंतरच्या एका माघात मात्र मी माहेराहून सासरी डोंग्यातून आले. सहा दिवस लागले. आमच्याकडच्या दुसऱ्या कोणा बाईने असा प्रवास केल्याचं मला माहीत नाही आणि आता कोणी करूही शकणार नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली आहे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सुधारून घ्यावं.

आम्ही ढिवर. माझा नवरा आणि माझा दीर गणपत मासोळी धरायचे, मी टोपलं डोक्यावर घेऊन अड्याळच्या बाजारात विकायची. त्या वर्षी माझ्या भावाचा जुना डोंगा आम्हाला मिळायचा होता. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली होडी. गणपत तो नदीनेच खाली आणणार होता. त्याच सुमारास नागपूरहून शालिनी नावाची मुलगी गावात आली. कॉलेजात पुढचं शिकत होती आणि वैनगंगेत पाणमांजरं किती उरली ते तिला मोजायचं होतं. नाकाडोंगरीकडचे नाले ती पायी पाहून आली होती, तिथे काही मिळालं नव्हतं. आता तिला नदी वरून खाली पाहायची होती. डोंगा येणारच होता. पण तरुण मुलीला एकट्या गणपतसोबत कसं पाठवायचं? म्हणून मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, मला जायला सांगितलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला आणि गणपतला जवळ बसवलं.

“त्या पोरीले नदी दाखवा. भात खाऊ घाला. आपला डोह दाखवू नका.”

आपला डोह म्हणजे गावाच्या वर कोसभरावरचं खोल पाणी. उन्हाळ्यात सगळी नदी आटली तरी तिथे मासोळी राहायची. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत आमची अकरा घरं त्या डोहावर जगायची. त्याच डोहाच्या काठाला, जांभळीच्या मुळ्यांत, पाणमांजरांचं बीळ होतं आणि त्या वर्षी त्यात पिल्लं होती. तिकडे जंगलात एका तळ्यावर सरकारने जनावरं राखायला घेतली आणि तिथल्या ढिवरांचं जाळं बंद झालं, असं मामाजींनी कुठे तरी ऐकलं होतं.

“जनावर एकदा कागदावर आलं का ते सरकारचं होते,” ते म्हणाले. “मंग पाणी बी सरकारचं. आपण कोठी जावाचं?”

मी हो म्हटलं. कोणाला बरं वाटावं म्हणून नाही. मलाही तेच वाटत होतं.

माडगी

माहेरी दोन दिवस राहिलो. माडगीला नदीच्या पात्रातच देऊळ आहे. लहानपणी त्या खडकांवर मी कपडे वाळवलेत. शालिनीला ते दाखवलं तर तिने देवळाकडे एकदा पाहिलं आणि खडकावर काय वाळलंय ते बघत बसली.

माहेरच्या आणि सासरच्या चालीत फरक आहे. माडगीला बाया डोंगा हाकतात, जाळं फेकतात. सासरी बाईने डोंग्यात पाय ठेवला की मासोळी रुसते म्हणतात. वीस वर्षं मी डोंग्याला हात लावला नव्हता. भावाने बांबू हातात दिला आणि म्हणाला, “विसरली का पाहू.” विसरले नव्हते. गणपत काठावरून बघत होता. “वहिनी, घरी सांगू नोको,” एवढंच म्हणाला.

माहेरी मासोळीच्या रश्शात आंबट घालतात, सासरी भाजलेल्या जवसाची भुकटी. माझ्या भावजयीने वाटेसाठी दोन्हीच्या पुड्या बांधून दिल्या.

पहिल्या दुपारी रेतीवर गंजात, म्हणजे पातेल्यात, भात शिजवला. शालिनीने ताट घेतलं आणि हात आखडला.

“काकू, आधीच सांगते. आम्ही बौद्ध आहोत. मागून तुम्हाला काही वाटायला नको.”

“डोंग्यात गंज एकच हाये,” मी म्हटलं. “जेवाचं तर जेव, नाई तर उपाशी राह्य.”

ती हसली आणि तीनदा भात घेतला. एवढ्याशा पोरीच्या पोटात तो गेला कुठे, कळलं नाही. तिचे वडील रेल्वेत होते. आईला ती पाण्यावर हिंडते हे माहीत नव्हतं, वाचनालयात बसते असं सांगून आली होती.

माडगी ते कारधा

मला वाटलं होतं मोजायचं म्हणजे काठावर बसायचं आणि जनावर आलं की एक बोट दुमडायचं. तसं नव्हतं. पात्रातल्या रेतीच्या प्रत्येक उंचवट्यावर, भाटीवर, ती उतरायची. पाच बोटांचा, मध्ये कातडी असलेला पाय उमटलेला आहे का ते पाहायची. असला तर पट्टीने रुंदी घ्यायची. मोठ्या पावलाचा नर, बारक्याचं पिल्लू. आणि पाणमांजराची विष्ठा शोधायची. ही जनावरं कुठेही बसत नाहीत, सगळं कुटुंब एकाच खडकावर जातं. त्या वाळलेल्या विष्ठेत मासोळीचे खवले, काटे, खेकड्याच्या नांग्या असतात. ते ती चिमट्याने उचलून कागदाच्या पुडीत बांधायची, वर तारीख टाकायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

गणपतला राहवलं नाही. “मॅडम, इतकं शिकून हेच वेचाचं होतं तर माह्या बायकोले पाठवलं असतं. ते रोज शेण वेचते.”

“त्यांना पण शिकवते,” शालिनी म्हणाली. “पण मग त्या तुमच्यापेक्षा जास्त कमावतील.”

“ते आताच जास्त बोलते. कमावाले लागली तर मले घरात घेणार नाई.”

दुसऱ्या संध्याकाळी तिने वहीतून एक चित्र काढलं. कुठल्या तरी परदेशी मासिकातून कापलेलं. समुद्रातलं काळं-पांढरं जनावर, आमच्या घरापेक्षा लांब. मासोळीसारखं दिसतं पण मासोळी नाही, पिल्लाला दूध पाजतं. तिकडचे लोक या जनावरांना असेच मोजतात, ती म्हणाली. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पंखाला वेगळी खाच, वेगळा ओरखडा असतो. त्यांचे फोटो काढून ठेवतात आणि पुढल्या वर्षी कोण आलं, कोण नाही आलं, कोणाला पिल्लू झालं, ते लिहितात. किती आहेत यापेक्षा कोण आहेत हे कळलं तर पुढची गोष्ट कळते.

“जाळ्यात कसा मावते हा?” गणपतने विचारलं.

“मावत नाही. जाळं घेऊन जातो.”

“मंग आमचं पाणमांजर बरं. फाडते, पण तिथंच ठेवते.”

“आणि यांच्यात म्हातारी आजी पुढे असते,” शालिनी म्हणाली. “मासे कुठे मिळतील ते तिला माहीत असतं. मोठे झालेले मुलगेसुद्धा आईच्या मागे फिरतात.”

मी म्हटलं, “मंग अक्कल हाये त्या जनावरात.”

आमच्या नदीतही तिला तसंच करायचं होतं. पण फोटो कोणाचा काढणार? पहिल्या तीन दिवसांत एक म्हातारा नर आला-गेल्याची पावलं मिळाली आणि खडकांवर जुनी, सुकून भुकटी झालेली विष्ठा. जिवंत जनावर एकही नाही. तिच्या सरांनी सांगितलं होतं, व्यायलेली मादी किंवा पिल्लं मिळाली तरच ही नदी पाणमांजरांच्या नद्यांच्या यादीत राहील. एकटे नर हिंडतात तिथे जनावर टिकलं असं म्हणत नाहीत.

ती हे सांगायची आणि मी चूल फुंकत राहायची.

याच वाटेत माझ्या हातून एक झालं. तिसऱ्या दुपारी गणपतने मरळ धरली होती. रस्सा उकळत होता. जवसाची पुडी घ्यायला मी मागे हात घातला, सोडली आणि गंजावर धरली. शालिनी एवढ्या जोरात ओरडली की काठावरचे बगळे उडाले. पुडी तिच्या डब्यातली होती. दिसायला फरक नव्हता म्हणा. दोन्ही तपकिरी, दोन्ही भुकटी. गणपत रेतीवर आडवा होऊन हसत होता.

“टाक वं वहिनी, टाक! मासोळीच हाये त्यात बी!”

मग तिने आपल्या प्रत्येक पुडीला लाल दोरा बांधला. त्या दिवशीचा रस्सा जवसाशिवायच झाला, कारण मला कुठल्याच पुडीचा भरवसा वाटेना.

कारधा

कारध्याच्या पुलाखाली डोंगा बांधला. वरून लाखनीकडून येणारे ट्रक चालले होते, धानाचे, लाकडाचे. तीन दिवस पाण्याचाच आवाज ऐकल्यावर तो खडखडाट नकोसा झाला. पुलाजवळच्या टपरीवर चहा घेतला, गरम भजी घेतली. शालिनीने घरी पत्र टाकलं. वाचनालय ठीक आहे असं लिहिलं असावं.

परत डोंग्यात बसलो. गणपत उभा, मी आणि ती बसलेलो, मधे पत्र्याचा डबा. पुलावरून एका म्हाताऱ्याने हात जोडले आणि ओरडून विचारलं, “कोण गेलं जी?”

आम्ही अस्थी शिरवायला निघालो असं त्याला वाटलं.

“कोणी नाई गेलं बापा!” गणपत ओरडला. “गू घेऊन चाललो!”

म्हाताऱ्याने जोडलेले हात तसेच ठेवले.

कारध्याच्या खाली नदी रुंद होते. तेव्हा पाणी असं होतं की डोंग्यातून तळाची रेती दिसायची, रेतीवर डोंग्याची सावली दिसायची, सावलीतून पळणारी झिंग्यांची पोरं दिसायची. काठाला लोकांनी डांगराच्या वाड्या लावल्या होत्या, वेल नुकते धरले होते. वाडीवरच्या एका बाईने आम्हाला उकडलेल्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा दिल्या आणि बदल्यात काही घेतलं नाही. फक्त “कोठी चालले?” एवढं विचारलं. मी म्हटलं, “माहेराहून सासरी.” ती म्हणाली, “असं जाता येते?” तिचंही माहेर नदीवरच होतं.

आमच्या डोहाच्या वर

पाचव्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही एका मोठ्या भाटीवर थांबलो. इथून आमचा डोह दोन वळणांवर होता. मी आणि गणपतने ठरवलं होतं की सकाळी पलीकडच्या काठाने, न थांबता, सरळ घर गाठायचं.

आता आमची वाट्यांची रीत सांगायला पाहिजे. धरलेली मासोळी आम्ही रेतीवर वाट्यांनी मांडतो. माणसाला एक वाटा, डोंग्याला एक, जाळ्याला एक. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिला दोन, कारण खाणारी तोंडं दोन. आणि शेवटी पाण्याच्या कडेला बारीक मासोळीचा एक वाटा पाणमांजराचा. पाणमांजरं फळी धरून मासोळी हाकलतात, ती घाबरून आमच्या जाळ्यात येते. काम केलं तर वाटा द्यायचा. त्यात देवधर्म काही नाही. गणपत रोज तसा वाटा ठेवायचा, रीत सांगायचा आणि शालिनी रोज वहीत लिहायची.

त्या संध्याकाळी त्याने आमचे वाटे केले, डोंग्याचा केला, जाळ्याचा केला. मग पाण्याच्या कडेला गेला आणि दोन वाटे ठेवले.

घरी पौषापासून तो दोनच ठेवत होता. हाताला सवय झाली होती. घर जवळ आलं तसा हात घरच्यासारखा चालला. मी पाहिलं, पण उशीर झाला होता. शालिनी वही घेऊन उभी होती.

“गणपतभाऊ, रोज एक ठेवता. आज दोन?”

“चुकून झालं जी.”

“वाट्यात तुम्ही चुकत नाही. पाच दिवस पाहतेय.”

गणपत माझ्याकडे पाहायला लागला. मी गंज घासायला घेतला. ती माझ्या समोर येऊन रेतीवर बसली.

“काकू, अंगावर पाजणारीला दोन असतात. पिल्लं जवळच आहेत ना?”

मी गंजात आणखी रेती टाकली.

“उद्या काठाकाठाने चालले तर मला सापडेल. पण तुम्हाला न विचारता मला तिकडे जायचं नाही.”

“जाऊच नोको मंग.”

“का?”

तेव्हा मी सगळं सांगितलं. लपवायचं कसं ते मला कधीच नीट जमलं नाही. डोह सांगितला, अकरा घरं सांगितली, जंगलातल्या तळ्याचं ऐकलेलं सांगितलं. “तुही यादी होईन आणि आमची चूल जाईन. तू नागपूरले जाशीन. आम्ही कोठी जाऊ?”

तिने वही मिटून बाजूला ठेवली. मला ते आवडलं.

“डोह बंद होणार नाही असं मी सांगू शकत नाही,” ती म्हणाली. “ते माझ्या हातात नाही. पण पिल्लं नाहीत असं मी लिहिलं तर उद्या इथे कोणी काहीही केलं तरी थांबवायला कोणाकडे कागद नसेल. जनावरांसाठीही नाही.”

“उद्याचं उद्या. आम्हाले येत्या चैत्राचं पडलं हाये.”

गणपत म्हणाला, “वहिनी, बाबा मारतीन.”

मारणारे मामाजी नव्हते, पण तो घाबरला होता. मी गंज धुऊन पालथा घातला. मला एक गोष्ट टोचत होती. पाच दिवस ही मुलगी वाळलेली विष्ठा वेचत आली आणि आमच्या नदीत एक म्हातारा नर हिंडतो एवढंच लिहून जाणार. हे खोटं होतं. आमच्या नदीबद्दलचं खोटं माझ्या तोंडून जाणार होतं.

“दाखवतो,” मी म्हटलं. “पण जागेचं नाव लिहाचं नाही. डोहाचं नाई, गावाचं नाई.”

“जागेशिवाय नोंद म्हणजे अर्धी नोंद, काकू. सर रागावतील.”

“रागावू दे. अर्धी घे, नाई तर कोरी घे.”

तिने मान डोलावली.

डोह

उजाडायच्या सुमारास आम्ही पलीकडच्या काठाला झुडपांत बसलो. पाण्यावर धूर उठल्यासारखं धुकं होतं. आधी शीळ ऐकू आली, पाखरासारखी. मग जांभळीच्या मुळ्यांतून एक डोकं पाण्यात उतरलं, मागून दुसरं. चार मोठी निघाली आणि ओळीने डोहात गेली. थोड्या वेळाने एक मादी परत आली, बिळात गेली आणि तोंडात मानेला धरून एक पिल्लू आणलं. पाण्याशी आणून सोडलं. पिल्लू किंचाळून परत पळालं. तिने पुन्हा आणलं. ते पुन्हा पळालं. तिसऱ्यांदा तिने त्याला सरळ पाण्यात ढकललं.

“माही माय अशीच होती,” गणपत कुजबुजला.

मग आणखी दोन पिल्लं आपली आपण आली. शालिनी खाली न पाहता वहीत लिहीत होती. एका मोठ्याच्या नाकावर पांढरा व्रण होता, दुसऱ्याची शेपटी टोकाला तुटलेली. ही दोन मी चार वर्षांपासून ओळखत होते. तिला सांगितलं. तिने त्या दोघांची चित्रं काढली.

शेवटी तिने वही मला वाचायला दिली. “बीळ एक. मोठी चार, पिल्लं तीन. ठिकाण” आणि पुढे रिकामी रेघ. मी दोनदा वाचलं आणि वही परत दिली.

घरी गेल्यावर मामाजींना मीच सांगितलं. ते होळीपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत. पण चैत्र आला, ज्येष्ठ आला, डोहावर कोणी आलं नाही. शालिनीने शब्द पाळला होता. सरांनी ती नोंद बाजूला काढली, असं तिने पत्रात लिहिलं. जागा नाही तर पुरावा नाही. पुढे ती दुसऱ्या नदीवर गेली.

ते दिवस मला आठवतात ते चांगले होते म्हणून नाही. कष्ट होते, थंडी होती, पाठ मोडायची. पण नदी वाहती होती आणि सकाळी तिच्यावर शीळ ऐकू यायची.

बऱ्याच वर्षांनी खाली धरण झालं आणि पाणी चढलं. आमचा डोह त्या पाण्यात गेला. आता सगळीकडे खोल, म्हणजे डोह कुठेच नाही. जांभळी बुडाल्या. शीळ थांबली. पाणी चढायच्या आधी बुडणाऱ्या वस्तूंची यादी झाली त्यात घरं होती, झाडं होती, विहिरी होत्या. भरपाईसाठी ज्याचा सातबारा त्याला विचारत होते. पाण्याचा सातबारा आमच्याकडे कुठून असणार? डोहाचा काही कागद आहे का, असं यादी करणाऱ्या साहेबांनी विचारलं. मला ती रिकामी रेघ आठवली. ती मीच रिकामी ठेवायला लावली होती.

मी शालिनीला पोस्टकार्ड टाकलं. ती कॉलेजात शिकवत होती. मी एवढंच लिहिलं की आता नाव भर. तिने त्या पानाची झेरॉक्स पाठवली, रेघेवर निळ्या शाईने नाव लिहून. तो कागद घेऊन मी एसटीने गेले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी नीट वाचला. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, “आजी, यात पाणमांजरं हायेत. तुम्ही कोठी आहा?”

मी कागद परत घेऊन पाहिला. खरंच, आम्ही त्यात नव्हतो. म्हणून हा दुसरा कागद मी लिहिला आहे, आणि यात ती ओळ पुरी करते.

ठिकाण, जांभूळडोह. पाणमांजरं सात, त्यांत पिल्लं तीन. ढिवरांची घरं अकरा.